कमी पैशांत कोरीव यंत्र: मोटर साधी चालेल, हँडपीस नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं लेथवर वाट्या, डबे आणि थाळे उतरवताय, हात बसलाय, आणि आता काठावर पानं, बाहेरून पन्हळी, कधी नुसता पोत कोरायचा आहे. हातात धरायचं रोटरी टूल, टांगायची फ्लेक्स शाफ्ट मोटर (मोटर वर टांगलेली, तिच्यापासून हातापर्यंत लवचीक दांडा), मायक्रोमोटर (मुठीतच छोटी मोटर) आणि विजेवर चालणारी ठोक्याची पटाशी असे चार पर्याय समोर आहेत आणि पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. स्वस्तातलं घेतलं तर पैसे वाया जातील का, हीही धास्ती आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. टांगायची फ्लेक्स शाफ्ट मोटर घ्या, पायाच्या पेडलसकट. मोटर साधी, बिननावाची असली तरी चालेल. तिच्याबरोबर मिळालेला हँडपीस, म्हणजे बोटांत धरायची पुढची मूठ, मात्र जाडंभरडं काम करायला बाजूला ठेवा, आणि उरलेले पैसे एका चांगल्या हँडपीसवर आणि चार-पाच चांगल्या बरवर, म्हणजे फिरणाऱ्या कोरायच्या टोकांवर, घाला. घरात रोटरी टूल आधीपासून पडलेलं असेल तर नवं यंत्र आत्ता घेऊच नका. त्याला लागणारा लवचीक दांडा आणि चांगले बर घ्या आणि सहा महिने काम करा. आणि तुम्हाला फक्त पिसांच्या रेषा, ठिपके, बारीक खवले एवढंच करायचं असेल, लाकूड खणायचं नसेल, तर मायक्रोमोटर घ्या. तुमच्या यादीत पानं आणि पन्हळी आहेत, म्हणून तुम्हाला मी फ्लेक्स शाफ्टच सांगेन.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. माझं पहिलं कोरीव काम शिसवीच्या एका वाटीच्या काठावर होतं, रोटरी टूल थेट मुठीत धरून. पहिली दहा-बारा पानं सुरेख आली. मग मनगट जड व्हायला लागलं, टूलचं पोट गरम झालं, मी पकड बदलली, आणि पुढच्या पानाच्या देठाशी बर उसळून काठावरून सरळ धावत गेला. चार सेंटिमीटरचा ओरखडा, पॉलिश झालेल्या आतल्या बाजूवर. बर चांगला होता, मोटर चांगली होती. हात थकला होता. अर्ध्या किलोच्या आसपासचं वजन बोटांच्या पुढे लोंबकळत असताना दोन तास बारीक काम करता येत नाही, ही साधी गोष्ट मला त्या ओरखड्यानं शिकवली. तेव्हापासून कुठलंही यंत्र बघताना मी एवढंच विचारतो: बोटांत नेमकं किती वजन येणार, आणि टोक किती स्थिर फिरणार?

कातीव वस्तूवर हे जास्तच महत्त्वाचं आहे. सपाट फळीवर कोरताना फळी शिकंज्यात आवळता येते आणि चूक झाली तर रंधा मारून पृष्ठभाग खाली घेता येतो. वाटीला ती सोय नाही. भिंत पातळ असते, आकार गोल असतो, आणि तो आकार तुम्ही आधीच लेथवर पूर्ण केलेला असतो. शिवाय आडव्या रेषेच्या, म्हणजे फळीतून काढलेल्या वाटीवर काठानं एक फेरी मारली तर लाकडाची रेषा चार वेळा उलटते. दोन जागी तंतूंची टोकं तुमच्याकडे तोंड करून असतात, दोन जागी तंतू आडवे झोपलेले असतात, आणि मधल्या चार पट्ट्यांत एका दिशेनं गुळगुळीत कापलं जातं तर दुसऱ्या दिशेनं खपल्या उडतात. एकाच वाटीवर एक पान लोण्यासारखं उतरतं आणि त्याच्या शेजारचं फाटतं ते यामुळे. म्हणून उलटी-सुलटी दोन्ही दिशांना फिरणारी मोटर मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. मायक्रोमोटरला हे बटण जवळपास नेहमीच असतं, टांगायच्या मोटरला कधी असतं, कधी नसतं.

आता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या फेऱ्यांबद्दल. मिनिटाला ३५,००० फेऱ्या म्हणजे १८,००० पेक्षा दुप्पट चांगलं, असं नाही. कापण्याचं काम बरच्या कडेचा वेग करतो, आणि तो व्यासावर अवलंबून असतो. ३ मिमीचा गोल बर ३०,००० वर फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ४.७ मीटर होतो. १२ मिमीचा बर नुसत्या ८,००० वर फिरला तरी त्याची कड सेकंदाला ५ मीटरनं जाते. म्हणजे मोठ्या बरला फेऱ्या कमी पुरतात, पण त्याला अडकू न देता ओढून नेणारी ताकद लागते. लहान बरला ताकद जेमतेम लागते, पण फेऱ्या भरपूर लागतात. फ्लेक्स शाफ्टची मोटर मोठी असते, खालच्या गतीलाही जोर टिकवते, आणि तिची कमाल गती बहुधा १८,००० ते २२,००० च्या दरम्यान असते. मायक्रोमोटर ३५,००० पर्यंत, कधी त्यापुढेही जातो, पण १० मिमीचा बर लावून शिसवीवर दाबलात तर गती कोसळते आणि हँडपीस तापतो. रोटरी टूल या दोघांच्या मध्ये: गती भरपूर, खालच्या गतीला जोर कमी. पन्हळी खणायची असेल तर फ्लेक्स शाफ्ट, पिसाच्या रेषा ओढायच्या असतील तर मायक्रोमोटर.

रोटरी टूलला मी नावं ठेवत नाही. ड्रेमेल कंपनी १९३२ ची, आणि तिच्या नावानंच लोक या जातीच्या यंत्राला ओळखतात, ते उगाच नाही. घासणं, कापणं, ड्रिल, पॉलिश अशी घरातली पन्नास कामं ते करतं. कोरीव कामात त्याची अडचण फक्त वजन आणि जाड मान. लवचीक दांडा लावून मोटर खुंटीला टांगली की दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात. दांडा फार आखडून वाकवू नका. मोटरपासून मांडीपर्यंत एक मोठी सैल कमान राहिली पाहिजे. कमान आवळली की आतली तार आवरणावर घासते, दांडा गरम होतो, हँडपीस थरथरतो, आणि लोक म्हणतात दांडा वाईट निघाला.

टांगायची फ्लेक्स शाफ्ट ही सोनार आणि दंतवैद्यांच्या प्रयोगशाळांतली जुनी, मुरलेली वस्तू आहे. फोरडोम या अमेरिकी कंपनीचं नाव या यंत्रासाठी १९२२ पासून आहे. तिची मोटर महाग वाटली तर तिच्याच धर्तीवर बनवलेल्या स्वस्त मोटरी सर्वत्र मिळतात, आणि त्यातल्या पुष्कळ मोटरींच्या दांड्याचं टोक तशाच खटक्याच्या जोडणीचं असतं. त्यामुळे साध्या मोटरला चांगल्या कंपनीचा हँडपीस बसू शकतो. विकत घेण्याआधी जोडून, ओढून, फिरवून बघा, कारण सगळेच बसतात असं नाही. स्वस्त मोटरमध्ये काय वाईट निघू शकतं? कार्बन ब्रश लवकर झिजतात, ते बदलता येतात. पेडल एकदम शून्यावरून पूर्ण गतीला उडी मारतं, तेही वेगळं घेता येतं. पण हँडपीसच्या आतला बेअरिंग सैल असेल तर ती मोटर कितीही जोरकस असो, बारीक काम होणार नाही. माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा हाच आहे.

पेडलबद्दल दोन शब्द, कारण नवीन माणूस त्याला शोभेची वस्तू समजतो. पानाची शीर कोरताना सुरुवात हळू, मध्ये वेग, टोकाशी पुन्हा हळू असं हवं असतं. दोन्ही हात गुंतलेले असतात: एक हँडपीसवर, दुसरा वाटी फिरवतोय. बर अडकला तर पाय उचलला की सगळं थांबतं. टेबलावरच्या गोल बटणानं हे होत नाही. फक्त बर बदलताना पाय पेडलवरून काढून मागे घ्यायची सवय लावा.

मायक्रोमोटरची मजा वेगळी आहे. हँडपीसमध्येच मोटर, लांब जाड पेनाएवढा, वजन पाव किलोच्या आत, आणि मागे फक्त एक बारीक वायर, दांड्याची ओढ नाही. एकदा हातात घेतला की फ्लेक्स शाफ्ट बोजड वाटायला लागतो. दंत प्रयोगशाळेसाठी आणि नखं घासण्यासाठी विकले जाणारे स्वस्त मायक्रोमोटर बारीक पोताच्या कामाला चालतात, दोन अटींवर. कोलेटमध्ये, म्हणजे बरची दांडी पकडणाऱ्या चिमट्यात, बर नसताना कधीही फिरवायचा नाही, कारण कोलेट आवळून किंवा सरकून बसतो. आणि फिरत असताना कोलेट उघडायची कडी चुकूनही वळवायची नाही. पहिल्या महिन्यात बिघडणारे पुष्कळ स्वस्त हँडपीस या दोनपैकी एका कारणानं बिघडतात.

ठोक्याची पटाशी मला आवडते, आणि तरी तुम्हाला पहिलं यंत्र म्हणून ती सांगणार नाही. पातं मिनिटाला दहा हजारांपर्यंत ठोके मारतं, धूळ उडत नाही, स्वच्छ कात्रण निघतं, आणि ओल्या लाकडावर तर ती फार छान चालते. पण धार रोज लावावी लागते, आणि ५ मिमीच्या भिंतीवर ठोका बसला की भिंत झांजेसारखी वाजते. आतून आधार न देता चालवलं तर कधीतरी तडा जातो. जाड थाळ्याच्या रुंद काठावर, किंवा आतून पोकळ करायच्या आधी डब्यावर, ती योग्य. फ्लेक्स शाफ्टला बसणारा ठोक्याचा हँडपीसही मिळतो. पुढे कधी हवासा वाटला तर तेवढाच घ्या, वेगळं यंत्र नको.

हवेवर चालणारी टर्बाइन, म्हणजे दंतवैद्याकडची ती चीं-चीं करणारी, मिनिटाला तीन ते चार लाख फेऱ्या मारते. जाळीकामासाठी तिच्यासारखं काही नाही. व्हिएतनाममध्ये जन्मलेले अमेरिकी कलाकार बिन फो यांची कातीव पात्रं बघा, कागदाइतक्या पातळ भिंतीत जाळी आणि वर रंग. पण तिला १.६ मिमी दांडीचे बर आणि सतत कोरडी स्वच्छ हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो, आणि ती खणत नाही, फक्त छेदते. तुमच्या यादीत जाळी नाही, म्हणून तो खर्च आत्ता नाही. अँगल ग्राइंडर मोठ्या थाळ्याच्या पाठीवर ठीक आहे, वाटीच्या काठावर नाही. आणि साखळी करवतीचे दात लावलेल्या चकत्या ग्राइंडरला लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. १०० मिमीची चकती ११,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५८ मीटरनं धावत असते. ती उसळली तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आता हँडपीस पारखायचा कसा. दुकानात जाताना खिशात दोन लांब, सरळ, बारीक बर घेऊन जा, डायमंडचे सुईसारखे असले तर उत्तम. एक कोलेटमध्ये घाला, दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, आवळा. सगळ्यात हळू गतीला फिरवा आणि टोकाकडे पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. टोक एकच बिंदू दिसलं पाहिजे. धूसर छोटं वर्तुळ किंवा दोन टोकं दिसली तर हँडपीस डगमगतो किंवा बर वाकडा आहे. तो बर काढून दुसरा लावा. वर्तुळ तसंच राहिलं तर दोष हँडपीसचा, गेलं तर पहिला बर वाकडा आहे. मग मोटर बंद करून बरचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. टकटक जाणवली की बेअरिंग गेलंय किंवा आलंच तसं. शेवटी पाच मिनिटं मध्यम गतीला चालू ठेवून हातात धरा. कोमट चालेल, चटका नको. ही दहा मिनिटांची परीक्षा तुम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगेल, आणि जो विक्रेता ती करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

चावीचा चक की कोलेट? चावीच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये चार मिलिमीटरपर्यंतची कुठलीही दांडी बसते, म्हणून सुरुवातीला तो सोयीचा वाटतो. कोलेट फक्त आपल्या मापाची दांडी धरतो, पण सरळ धरतो. मी कोलेट घेईन. मापांत गोंधळ होतो म्हणून स्पष्ट सांगतो. दंत आणि सोनारकामाच्या बरची दांडी २.३५ मिमी. रोटरी टूलच्या बरची ३.१७५ मिमी, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जिला बोलताना ३.२ म्हणतात. मोठ्या, लाकूड खणणाऱ्या बरची ६ मिमी किंवा ६.३५ मिमी. आणि सगळ्यात जास्त फसवणारी ३ मिमी: ती ३.१७५ च्या कोलेटमध्ये जाते, आवळल्यासारखीही वाटते, आणि गती वाढवली की डगमगते किंवा सुटून उडते. मापाचा कोलेट नसेल तर तो बर वापरू नका. चांगला हँडपीस २.३५ आणि ३.१७५ दोन्ही कोलेटसकट घ्या, आणि मोटरबरोबर मिळालेला जाड हँडपीस ६ मिमीची दांडी घेत असेल तर तो त्या मापासाठी राहू द्या. तो डगमगला तरी रफ कामाला फारसं बिघडत नाही.

बरच्या बाबतीत एकच कळकळीची विनंती: शंभर तुकड्यांचा डबा घेऊ नका. त्यातले नव्वद तुम्ही कधी लावणार नाही, आणि उरलेले दहा लाकडासाठी नसतात. त्याच पैशांत पाच घ्या. एक, काटेरी कार्बाइडचा ज्वालेच्या आकाराचा, १० ते १२ मिमी, जाड दांडीचा, पन्हळी आणि पानांचा पहिला उतार खणायला. त्याच्यावर साळिंदरासारखे सुटे काटे असतात, लाकूड पटकन उडवतात आणि सहजी भरून बंद पडत नाहीत. दुसरा, घन कार्बाइडचा ६ मिमीचा निमुळता, आकार नीट करायला. तिसरा आणि चौथा डायमंडचे, एक ज्वालेचा, एक २ मिमीचा गोळा, शिरा आणि ठिपक्यांसाठी. पाचवा उलट्या शंकूचा, पानाच्या कडेखाली खाच मारायला, म्हणजे पान लाकडातून वर उचलल्यासारखं दिसतं. शिवाय चिरलेल्या दांडीत सँडपेपरची पट्टी गुंडाळायची साधी मँड्रेल, जी तुम्ही स्वतःही बनवू शकता. एवढ्यात वर्षभर काम चालतं.

बरच्या पाकिटावर बहुधा कमाल गती लिहिलेली असते, ती वाचा. छोटे तारेचे आणि केसांचे ब्रश बहुधा १५,००० पर्यंतचेच असतात. त्यापुढे नेले की तारा सुटून सरळ चेहऱ्याकडे येतात. बर राळेनं भरला की तो कापत नाही, नुसता जाळतो, आणि जळलेला काळा डाग पानाच्या खोलगट भागातून काढणं महाकठीण. कार्बाइड बर पितळी ब्रशनं साफ करा, फार चिकट असेल तर विरघळवणाऱ्या द्रवात रात्रभर बुडवून ठेवा. डायमंड बरला सँडिंग बेल्ट साफ करायचा रबरी ठोकळा हळू गतीला लावा, आणि तो कधीही आगीवर धरू नका. त्याचे कण धातूच्या पातळ थरानं चिकटवलेले असतात.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, म्हणजे यंत्र कुठं लागतं ते दिसेल. समजा २०० मिमी व्यासाची वाटी, काठावर पानांची माळ. लेथवरच विचार करा: काठाशी ४-५ मिमी उंच आणि २० मिमी रुंद कडं शिल्लक ठेवा, कारण पान त्या कड्यातून निघणार, भिंतीतून नाही. कड्याखालची भिंत ६ मिमीपेक्षा पातळ करू नका. काठाचा परीघ ६२८ मिमी. लेथच्या डोक्यावर २४ भागांची इंडेक्स, म्हणजे फेरीचे समान भाग पाडून पिन लावायची चकती, असेल तर प्रत्येक भाग २६ मिमीचा, एका पानाला छान. लेथचा प्लग काढा, इंडेक्सची पिन लावा, टूलरेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधारावर, पेन्सिल टेकवून २४ उभ्या रेघा मारा. मग वाटी लेथच्या चकमधून न काढता चकसकट उतरवा आणि वाळूनं अर्धवट भरलेल्या जाड कापडी पिशवीवर ठेवा. वाळू वाटीचा आकार घेते, वाटी घसरत नाही आणि कापही जाणवतो. इंडेक्सच्या पिनवर भार टाकून जोरात कोरू नका. ती मोजायला असते, धरून ठेवायला नाही.

आता हँडपीस लेखणीसारखा धरा आणि करंगळी किंवा अनामिका लाकडावर टेकवा. टेकलेलं बोट नसेल तर कापच मारू नका. हँडपीसचं टोक तुमच्यापासून दूर आणि बर लाकडावर असेल, आणि मोटर नेहमीच्या दिशेनं फिरत असेल, तर बर चाकासारखा उजवीकडे पळू बघतो. म्हणून काप डावीकडे ढकलत न्या. उजवीकडे नेलात तर तो तुमच्या हातातून धावेल, माझ्या शिसवीच्या वाटीवर धावला तसा. जिथे डावीकडे नेताना खपल्या उडतात तिथे दिशा उलटी करा आणि हातही उलटा न्या. फ्लेक्स शाफ्ट उलट फिरवताना दाब कमी ठेवा, कारण आतली तार सुलट दिशेनं आवळावी अशीच वळलेली असते.

काटेरी बरनं दोन पानांमधली दरी आधी काढा, चोवीसही. एक पान पूर्ण करून दुसऱ्याला हात लावू नका. पहिलं पान आणि चोविसावं पान यांत तुमचा हात बदललेला असतो, आणि ते शेजारी शेजारीच येतात. म्हणून एका बरचं काम चोवीस जागी, मग पुढचा बर चोवीस जागी. निमुळत्यानं उतार, उलट्या शंकूनं कडेखालची खाच, शेवटी डायमंडच्या ज्वालेनं शिरा. डायमंड कापत नाही, घासतो, म्हणून मागे बारीक लव राहते. तिच्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात मारा, सुकू द्या. लव ताठ होते, आणि मग बारीक सँडपेपरची मँड्रेल किंवा घासणारा मऊ ब्रश हळू गतीला फिरवला की ती मोडून जाते. सागासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडावर बारीक शिरा हरवतात. तिथं पानं मोठी आणि शिरा कमी ठेवा. मेपलसारख्या गच्च लाकडावर हवं ते करा. सागात सिलिका असते, त्यामुळे पोलादी बर त्याच्यावर लवकर बोथट होतात, हेही लक्षात असू द्या.

धुळीबद्दल मी कुणालाही सूट देत नाही. लेथवर कात्रण उडतं, कोरीव यंत्रावर पीठ उडतं, आणि ते तुमच्या नाकापासून दोन वितींवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. शिसवीसारख्या लाकडांची धूळ तर कातडीवर आणि श्वासावर लगेच उठू शकते. नीट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क, बाजूनं बंद असलेला चष्मा, आणि बरच्या मागे हातभर अंतरात शोषणारी नळी, हे यंत्राच्या खर्चात आधीच धरा. त्यासाठी एखादा बर कमी घ्यावा लागला तर घ्या. हातमोजे सैल कापडी नकोत, फिरता बर त्यांना गुंडाळतो. ओढणी, बाहीचे बंद, मोकळे केस, सगळं आत.

फ्लेक्स शाफ्टची निगा फार नाही. पन्नासेक तासांच्या कामानंतर आतली तार बाहेर काढा, पुसा, ग्रीसचं पातळ बोट फिरवा आणि परत घाला. जास्त ग्रीस घातलं तर ते हँडपीसमध्ये उतरतं आणि तोच तापायला लागतो. मोटर टांगलेली खुंटी खांद्याच्या वर, बाजूला, म्हणजे दांडा पाठीमागून न येता कुशीतून येतो. बेअरिंगमधून नवा आवाज आला तर त्याच दिवशी काम थांबवा.

यंत्र आल्यावर पहिला आठवडा चांगल्या वाटीला लावू नका. तडा गेलेली एखादी वाटी घ्या, काठाचे चार भाग करा आणि प्रत्येक भागात तीच पन्हळ, तेच पान, तेच ठिपके कोरा, एकदा सुलट फिरवून, एकदा उलट. प्रत्येक खुणेखाली पेन्सिलीनं बर, गती आणि दिशा लिहा. माझी तशी एक वाटी बाकावरच्या भिंतीला टांगलेली आहे, अक्षरं पुसट झाली म्हणून दोनदा गिरवलेली. नव्या वाटीवर रेघा मारल्या की बर उचलायच्या आधी मी तिच्यावरचा तो भाग शोधतो जिथे रेषा तशीच वळते.